कुहीच्या माळावरचं माझं चक्र

आता काय सांगू तुम्हाले, आपल्याच कलेवर आपल्याच हातानं पाणी फिरवणारा माणूस पाहिला नसन, तर आज माझ्याकडं पाहून घ्या. नि चहा घ्या आधी, थंडा होईल.

नागपुरात जन्मभर ड्रॉइंग मास्तर होतो मी. पोरांकडून आंबा, केळं नि मडकं काढून घेतलं, बस. रिटायर झाल्यावर वाटलं, एक तरी काम असं करावं का लोकं थांबून पाहतील. माझ्या साळ्याची, देविदासची, कुहीकडं बरड जमीन पडून होती. गवतसुद्धा उगवायले लाजते तिथं. त्या माळावर उन्हाळाभर दगड ओढले नि गोल गोल फिरत आत जाणारं भलंमोठं चक्र मांडलं. पुरं झालं तेव्हा रडूच आलं मले, खोटं कायले बोलू?

देविदास माळाकडं कधी फिरकलाच नाही. माझं काळं पडलेलं तोंड पाहून बायकोले म्हणे, भाऊजींले ऊन लागलं.

दोन पावसाळ्यांत दगडांवर माती बसली, शेवाळ चढलं. मग कॉलेजचे एक सर पोरं घेऊन आले. आपल्या नागपूरच्या आसपास जुन्या काळच्या मयतीवरचे दगडाचे गोल जागोजागी आहेत ना, सर तेच शोधून राहिले होते. माझं चक्र पाहून ते खालीच बसले. म्हणाले, हे हजारो वर्षांचं आहे, असं दुसरं कुठं नाही, नि मांडणारा फार मोठा कलावंत असला पाहिजे.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणी तोंड उघडते का? जन्मात पहिल्यांदा कोणी मले कलावंत म्हटलं होतं! मी आपला हो-हो करत त्यांच्या मागं फिरलो.

झालं. माळाले कुंपण आलं, पेपरात फोटो आला. देविदास येणाऱ्याजाणाऱ्याले चहा पाजून सांगे, आमच्या आजोबाले हे सगळं माहीत होतं. माझं नाव मात्र कुठंच नाही. शेवटी एक दिवस देविदाससमोरच मी सरांपुढं मोबाइल धरला. दगड मांडतानाचे सगळे फोटो होते त्यात.

सरांनी फोटो पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"हे तुम्ही केलं?"

"मीच केलं जी, सर."

वाटलं, आता हात मिळवतील. ते पोरांले म्हणाले, "चला, गाडीत बसा." वळूनसुद्धा पाहिलं नाही. अरे, दगड तेच, गोलाई तीच! काल ज्याच्यापुढं बसत होते त्यात आज काय बिघडलं? राग आला मले, आजही येते.

काही दिवसांनी गेलो तर माळ साफ. देविदासनं ट्रॅक्टर लावून सारे दगड नाल्याच्या बांधावर टाकले होते. तसाच त्याच्या दारात गेलो.

"काहून गा, देविदास? मले विचारायचं तरी होतं."

तो शांतपणे म्हणाला, "मी तर कोण्या मोठ्या माणसाचं समजून जपून राहिलो होतो, भाऊजी. तुम्हीच सांगितलं ना, का तुमचं आहे म्हणून."