कॅमेऱ्याची पाठ

"तुमच्या वाडीला कसली गो भीती? तुमच्याकडं चोरायला हाय तरी काय?"

आबा बोलले आणि ग्रामपंचायतीचं सभागृह हसलं. सरपंच हसले. पोलीस पाटील हसले. महाडहून आलेले हवालदार हातातला कप सावरत हसले. मी उभीच होते. ग्रामसुरक्षा समितीची बैठक होती आणि मी त्या समितीची सदस्य. महिला प्रतिनिधी. म्हणजे एक बाई हवीच असते म्हणून डोंगरावरच्या वाडीतून खाली बोलावलेली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसवलेली.

आबा खालच्या गावातले. नदीकाठची भातजमीन त्यांची, आंब्याची बाग त्यांची, समितीचं अध्यक्षपदही त्यांचंच. शाळेतल्या बाईंना ते ताई म्हणतात. मला गो.

मी फार काही मागितलं नव्हतं. फाट्यावरचा दारूचा गुत्ता बंद करा. फाट्यापासून वाडीकडे चढणाऱ्या वाटेवर दिवे लावा. माझी मुलगी महाडला कॉलेजात जाते, संध्याकाळच्या एसटीने फाट्यावर उतरते. गुत्त्यावरचे बाप्ये वाट अडवतात, ओढणी ओढतात, चढापर्यंत मागे येतात. शेजारच्या घरातली मुलगी त्यापायी कॉलेज सोडून बसली आणि घरच्यांनी तिचं लग्न उरकून टाकलं. माझ्या नवऱ्याचाही मुंबईहून फोन आला होता, "पोरीला घरात बसव. रिस्क नको." तो तिकडे एका सोसायटीत वॉचमन आहे. लोकांच्या पोरी उशिरा आल्या तरी त्यांना गेट उघडून देतो.

हे सगळं मी त्या सभागृहात बोलले. त्यावर आबांचा तो प्रश्न.

हवालदार म्हणाले, "सगळं एकदम होत नसतं. प्राधान्यक्रम ठरवू." मग ठरला. पहिलं, आबांचा नदीवरून चोरीला गेलेला पाण्याचा पंप. दुसरं, बागेतले आंबे. मग बाजारात आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या. माझी मुलगी 'इतर विषयां'त गेली. इतर विषय आले तेव्हा भजी आली, आणि भज्यांपुढे कोण बोलतं?

शेवटी फाट्यावर कॅमेरा बसवायचं ठरलं. पैसे आबाच देणार होते. मी मूर्ख, मनातून सुखावले. दिवा नाही तर नाही, कॅमेरा तर कॅमेरा. गुत्त्यावरचे जरा बिचकतील. वाडीत जाऊन मुलीला सांगितलंसुद्धा, आता घाबरू नको म्हणून.

उद्घाटनाला मांडव घातला. महाडहून मोठे पोलीस साहेब आले, नारळ आला, भोंगा लागला. गुत्ता त्या दिवसापुरता पडदा ओढून झाकला होता. गुत्त्याचा मालक, म्हणजे आबांचा सख्खा पुतण्या, इस्त्रीचा शर्ट घालून पेढे वाटत होता.

आबांनी माझ्या हातात ताट दिलं. "सायबांना ओवाळ गो. मग कॅमेऱ्याला कुंकू लाव."

समितीत बाई कशाला हवी असते, ते तेव्हा कळलं. ताट घेऊन मी खांबाकडे गेले आणि मान वर केली. कॅमेऱ्याचं तोंड आमच्या पायवाटेकडे होतं. वर, वाडीकडे. आणि गुत्ता बरोब्बर त्याच्या पाठीमागे.

मी विचारलं, "ह्याचं तोंड आमच्या वाटंकडं कशाला?"

आबा समजावून सांगायच्या सुरात म्हणाले, "पंप काय उडत जातो? वरनंच कोण तरी उतरतंय ना. तुम्हालाबी बरंच हाय. तुमच्या पोरी नजरंत राहतील."

म्हणजे चोर आम्ही. दारू विकणारा पेढे वाटणार, पोरींच्या मागे लागणारे मोकळे फिरणार, आणि पहारा आमच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि ज्या डोळ्याला मी चोर, त्याला कुंकू मीच लावायचं. मला रडू आलं नाही. किळस आली. त्या कडक टोप्यांची, त्या हारांची, आणि इतके दिवस दाराजवळच्या खुर्चीवर मान डोलवत बसलेल्या माझीसुद्धा.

मी साहेबांच्या पुढून ताट नेलं आणि गुत्त्याच्या पायरीवर ठेवलं. पडदा बाजूला सारला. आत बाटल्यांचे खोके दिसले.

"ओवाळायचंच तर ह्याला ओवाळा," मी म्हटलं. "राखताय तर ह्यालाच."

भोंगा कुणीतरी बंद केला. साहेबांनी घड्याळ बघितलं. हवालदार पुढे येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, आपण बसून बोलू." ताई. खोके उघडे पडले तेव्हा कुठे मी ताई झाले.

आबा गावभर सांगत सुटले की बाईचं डोकं फिरलंय. सांगू देत. माझा राजीनामा मागितला, तो मी देणार नाही. पुढच्या बैठकीला मी पहिल्या रांगेत बसणार. नवऱ्याला फोनवर सांगून टाकलं, "पोर कॉलेजात जाणार. तू तुझं गेट सांभाळ."

गुत्ता अजून चालू आहे. वाट अजून अंधारी आहे. पण एसटी यायच्या आधी आम्ही वाडीतल्या बाया खाली उतरतो आणि गुत्त्याच्या दारातच बसतो. कोण येतो, कोण पितो, पोरी उतरल्या की कोण उठतो, सगळी तोंडं ओळखून ठेवतो. ते दार कायमचं बंद होईपर्यंत रोज बसणार. कॅमेऱ्याने तिकडे पाठ केली आहे. आम्ही करणार नाही.