निळी लाइन

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जातो. असल्या प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण एक दिवाळी मात्र डोक्यातून जात नाही...

आमचं घर पुलगावला लागून, नाचणगावात. माझा मोठा भाऊ, दादा, कलकत्त्याला जमिनीखालच्या रेल्वेच्या कामावर फिटर होता. शेवटचा घरी आला तेव्हा त्या गाडीत बसायची गोष्ट निघाली. आई म्हणाली, "मले वाचता येत नाई. कोनती गाडी कुठं जाते, कसं समजन?"

"मोठ्या शहरात लाइनीले रंगाचं नाव असते, आई. तुयी निळी. निळी पाह्यली का बसजो."

"तू नेशीन तवा ना!"

"सुरू तं होऊ दे. मीच तुले न्याले येतो."

पुढच्याच उन्हाळ्यात तो तिकडे तापानं गेला. काकांनी तिकडे जाऊन तिथंच अग्नी दिला. आईनं त्याला शेवटचं पाहिलं नाही, म्हणून मानलंच नाही. रडली नाही. दारात रांगोळी घालणं तेवढं सोडलं — "तो आल्यावर घालीन."

चौऱ्याऐंशीची दिवाळी. सकाळी पाहतो तर आई अंगणात ओणवी! चुन्यात मिसळायची नीळ चिमटीत धरून तिनं तुळशीपासून फाटकापर्यंत एकच सरळ रेघ ओढली होती. ना ठिपके, ना स्वस्तिक.

"हे काय वो आई?"

"पाय टेकव," ती म्हणाली. "खाली गाडी चालून राह्यली."

मी हसणारच होतो. पुलगाव स्टेशनावरची गाडी असेल, दुसरं काय! पण तिचा आधी आवाज येतो. इथं आवाज नव्हताच... नुसती थरथर तळव्याला लागली, थांबली, पुन्हा लागली. स्टेशनं घेत जावी तशी.

संध्याकाळी रेडिओवर बातमी — कलकत्त्यात भुयारी रेल्वे आजपासून सुरू.

"गाडी सुरू झाली रे," आई म्हणाली. "आन् तो काई आला नाई." दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. मग थांबेचना.

आणखी एक. तेव्हा तिथं एकच लाइन होती, रंगाचं नाव कशाला असेल? ती नावं फार पुढे आली. आई जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर मी नकाशा पाहिला. दादाची लाइन निळी.

दादाला कसं कळलं, आईच्या तळव्यांना कसं कळलं, मला आजही सांगता येत नाही. त्या गाडीत मी अजून बसलेलो नाही. आधी आईला न्यायचं ठरलं होतं... तिच्याआधी मी कसा बसू?