जुनीच वायर

थोरलीच्या केसांत कायम टेस्टर खोचलेला असायचा. एक दिवस ही उतू जाणाऱ्या दुधातही करंट आहे का बघेल, असं धाकटा म्हणायचा.

वडील टीव्ही दुरुस्त करायचे. ते गेल्यावर दुकान या बहीणभावाकडे आलं. पुढे लोक टीव्ही दुरुस्त करायच्या ऐवजी फेकूनच द्यायला लागले. मग दोघांनी गेमची जुनी मशीनं हाती घेतली. कपाटाएवढी, नाणं टाकून उभ्याउभ्या खेळायची. धंदा जमला, पण दोघांचं एका गोष्टीवर कधी जमलं नाही. थोरलीला मशीन खेळतं हवं असायचं. त्यासाठी ती रंग घासायची, बटणं बदलायची, फुगलेली फळी कापून नवी बसवायची. धाकट्याला ते जसं आलं तसंच हवं असायचं. "घासलेला रंग परत येत नाही, ताई," तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

एका दातांच्या डॉक्टरांनी बंद पडलेल्या गेम पार्लरमधून असंच एक मशीन आणलं. बाजूचं चित्र निम्मं उडालेलं, बटणांशेजारी सिगारेटचे डाग. सार्वजनिक हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, तिथे त्यांना ते चालू करून दाखवायचं होतं, पण आतलं काहीही न बदलता. दिवसभर लोकांचे दात उपटणारा हा माणूस मशीनचा एक स्क्रू उपटू द्यायला तयार नव्हता.

थोरलीने मागची फळी उघडली. वायरीचं रबर बोट लावताच बिस्किटासारखं तुटत होतं. अर्थिंग तर मुळात नव्हतंच. तिने डॉक्टरांना आणि धाकट्याला समोर बसवून सांगितलं, की चित्राला हात लावत नाही, डागही राहू देत, पण वायर बदलल्याशिवाय हे दुकानातून हलणार नाही. डॉक्टर म्हणाले, वायरीला अखंड जोडलेल्या प्लगवर कंपनीचा शिक्का आहे, तो गेला की मशीन अस्सल राहिलं नाही. धाकटा गप्प बसला. तो पटल्यामुळे गप्प आहे, असं थोरलीला वाटलं.

प्रदर्शनाच्या सकाळी ती दुकानात आली तर मशीनची जागा रिकामी होती. धाकट्याने वायरीला चिकटपट्टी गुंडाळून मशीन टेम्पोत चढवलं होतं. तो फोन उचलत नव्हता. दुकान तसंच उघडं टाकून ती हॉलकडे धावली.

हॉलची फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओली होती. मशीन खिडकीशी उभं होतं आणि चालू होतं. समोर रांग लागलेली. खेळणारी बाई मधेच हात झटकत हसून म्हणाली, "अहो, याला हात लावला की मुंग्या येतात."

थोरली रांगेतून पुढे घुसली. "कोणी हात लावू नका," ती म्हणाली.

लोक वळून बघायला लागले. डॉक्टरांचा चेहरा पडला. चारचौघांत झालेली ही शोभा धाकट्याला सहन झाली नाही. "ताई, उगाच घाबरवू नकोस लोकांना," असं म्हणत त्याने एक हात खिडकीच्या गजावर टेकवला आणि दुसरा बटणांच्या लोखंडी पट्टीवर ठेवला.

आणि तो तसाच राहिला. तोंड उघडं, आवाज नाही. तो नक्कल करतोय असं वाटून रांगेतलं कोणीतरी हसलं. एक गृहस्थ त्याला ओढायला पुढे झाले, त्यांना थोरलीने कोपराने मागे ढकललं. प्लग मशीनच्या मागे होता, तिथवर हात पोचला नसता. पण कुठेही गेली की आधी मेन स्विच शोधायची तिला खोडच होती. हॉलमध्ये शिरतानाच तिने तो दाराजवळ पाहून ठेवला होता. सख्ख्या भावाकडे पाठ फिरवून ती दाराकडे पळाली. पाय घसरला, ती गुडघ्यावर आपटली, उठली आणि दांडा खाली ओढला.

पंखे थांबले. गेमचा आवाज तुटला. त्या शांततेत धाकटा खाली पडल्याचा आवाज आला.

डॉक्टर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली. थोरली त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. मग ते म्हणाले, "लागतेय नाडी."

धाकटा वाचला. तळहात भाजला होता, बोटं कितीतरी दिवस थरथरत होती. दवाखान्यात डॉक्टर भेटायला आले, शरमिंदे झालेले. मशीन आता घरी नेतो, कायमचं बंद ठेवतो, पण आहे तसंच, असं त्यांनी सांगितलं. थोरली हो म्हणाली. भावाच्या उशाशी बसूनही तिला त्या मशीनचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा स्वतःचाच रागही आला.

धाकट्याने माफी मागितली नाही. तिनेही तो विषय काढला नाही. मधले दिवस जेवणाखाण्यापुरतंच बोलणं व्हायचं, तेही तुटक.

हात बरा झाल्यावर तो दुकानात आला, तेव्हा ती एका नव्याने आलेल्या मशीनसमोर पॉलिश पेपर घेऊन बसली होती. त्याने मागची फळी उघडली, पक्कड घेतली आणि जुनी वायर मुळापासून कापली. मग पुढे येऊन तिच्या हातातल्या पॉलिश पेपरकडे बोट दाखवलं.

"चित्र नको घासूस, ताई."

तिने त्या उडालेल्या रंगाकडे बघितलं. मग पॉलिश पेपर बाजूला ठेवून ओलं फडकं उचललं.