बाजूला काढलेलं ताट

दैवशालाचं ताट मोरीजवळच्या फळीवर आणि घरातल्या बाकीच्यांची मांडणीत, ही व्यवस्था तिच्या सासूने केली. करताना गिरिजाबाईंनी आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. "तुझं तू बघून राह्यलीस, आमचं आम्ही बघतो," एवढं म्हणून त्यांनी एक ताट, एक वाटी आणि एक तांब्या निराळा काढला. गॅसची शेगडीही परत आपल्या ताब्यात घेतली. दैवशालाने आता भाजी निवडून द्यायची, भांडी बाहेर घासायची आणि ओट्यापाशी यायचं नाही.

नवरा सोमेश्वर जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. दिवसभर भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला घरी आणखी ताप नको असतो. तो म्हणाला, "तुला जायचं तर जा. मला चल म्हणू नको आणि आईला उलटून बोलू नको." दैवशालाने दोन्ही पाळलं.

ती जायची बदनापूरला, स्टेशनमागच्या गल्लीत. तिथे लूथरन मंडळीचं पत्र्याच्या छताचं प्रार्थनाघर आहे. गाडी आली की उपदेश थांबतो आणि गाडी गेली की पाळकसाहेब त्याच वाक्यापासून पुढे चालू करतात. इतकी वर्षं झाली, त्यांचं वाक्य कधी हुकलेलं नाही.

ही बाई तिथवर पोचली कशी, हे गावाला कोडंच होतं. कोणी म्हणालं काहीतरी मिळालं असेल, कोणी म्हणालं डोकं फिरलं. खरं कारण तिने गावात सांगितलं नाही, कारण ते सांगितल्यावर कोणाला पटेल असं तिला वाटत नव्हतं.

मोठा मुलगा आर्यन शाळेत जायला लागल्यावर तिला एक मुलगी झाली होती. ती बारशाआधीच गेली. त्या दिवसांत दैवशालाचे सोमवार, गुरुवार आणि संकष्टी असे उपास चालू होते. मुलगी गेल्यावर भेटायला आलेल्या एका बाईने सहज विचारलं, "उपासाला काही कमी-जास्त झाल्तं का?" विचारणारी विसरली असेल. दैवशालाला मात्र आठवलं, की एका संकष्टीला चंद्र निघायच्या आधी तिने हरभरा सोलता सोलता चार दाणे तोंडात टाकले होते. मग तिने उपास वाढवले. आर्यन मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला, तरी ते चार दाणे काही तिच्या घशाखाली उतरले नाहीत.

पुढे ती एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात लागली. पट्ट्यावरून मक्याचं बी सरकत येतं, त्यातलं फुटकं, किडकं, डागी वेचून काढायचं. हात गुंततात आणि तोंड मोकळं राहतं. समोर बसायची पुष्पाबाई, बदनापूरची, आजोबांपासून ख्रिस्ती. एके दिवशी बोलता बोलता दैवशालाने तिला ते दाण्यांचं सांगून टाकलं.

पुष्पाबाईचा हात थांबला नाही. "चार दाण्यांपायी लेकरू नेणारा देव मला तरी माहीत न्हाई, बाई," ती म्हणाली.

गणपतीने तसं केलं असेल असं खरं तर दैवशालालाही वाटत नव्हतं. पण इतक्या वर्षांत तसं तोंडाने कोणी म्हटलं नव्हतं.

म्हणून एका रविवारी ती नुसती बघायला गेली. प्रार्थनेच्या सुरुवातीलाच सगळे उभे राहिले, आम्ही चुकलो असं एका सुरात म्हणाले, आणि पाळकसाहेबांनी तुम्हाला क्षमा झाली असं सांगून टाकलं. कोणी काय केलं ते विचारलंसुद्धा नाही. उशिरा येऊन दारात चपला काढत असलेल्या माणसालाही ते लागू झालं. दैवशालाने मागे वळून पाहिलं, कोणाला नवल वाटलंय का. एक बाई लेकराचं नाक पुसत होती. बाकीचे खाली बसत होते.

ती जात राहिली. मंडळीतले जाणते शांतवनराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, तिला धर्माची प्रश्नोत्तरी शिकवायचे. त्यांनी सांगितलं, की चार-पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक साधू होता. उपास करून, रात्री जागून, स्वतःच्या पापांचा हिशोब मांडून थकला, तरी त्याला चैन पडेना. मग बायबलमधलं वचन वाचता वाचता त्याला उमजलं, की क्षमा ही कमवायची नसून मिळालेली आहे. आपली मंडळी त्याच्या मागून निघाली.

"त्यालाही उपास जड गेले म्हणायचे," दैवशाला म्हणाली.

"तुमच्याहून जास्त," शांतवनराव म्हणाले. "आणि त्याला समोर पुष्पाबाई नव्हती."

आता त्या निराळ्या ताटाचं. घरातलं एक झालं. मंडळीतही तिचं ताट निराळंच होतं आणि त्याची गोष्ट जरा मागे जाते.

ती यायला लागून थोडेच आठवडे झाले होते तेव्हा कापणीचा सण आला. लोकांनी वेदीपुढे तुरीच्या शेंगा, भोपळे, बोरं, कापसाची बोंडं आणून ठेवली. प्रार्थना झाल्यावर मागच्या अंगणात पंगत बसली. पुष्पाबाईने तिचा हात धरला, "चला, बसा." नेमकी त्या रविवारी संकष्टी होती. मनातून उपास सुटत आले होते, अंगातून सुटले नव्हते. प्रार्थनाघराच्या अंगणात उभं राहून गणपतीचा उपास आहे असं सांगायचं तिला जिवावर आलं. "भूक न्हाई मला," ती म्हणाली. पिशवीतली बाटली काढून दोन घोट पाणी प्यायली आणि एसटी पकडायला निघून गेली.

घरी पोचेपर्यंत ती हे विसरली. मंडळी विसरली नाही. तिथली बहुतेक घरं आजे-पणज्यांच्या काळी वेशीबाहेरच्या वस्त्यांमधून आलेली. शेतीवाल्या घरची बाई पंगतीत भूक नाही म्हणते आणि पाणी स्वतःच्या बाटलीतलं पिते, याचा अर्थ तिथे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. राग कोणी धरला नाही. येतेय, बसतेय, गीतं म्हणतेय, एवढं काय थोडं, असं म्हणून त्यांनी तिची सोय केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होई, म्हणजे वेदीपाशी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला, आणि मग सगळे एकत्र जेवत. त्या दिवशी दैवशालाला खुर्ची मिळायची आणि केळी. पुढे केळ्यांच्या जागी हॉटेलातून आणलेलं पुरी-भाजीचं पार्सल आलं आणि सीलबंद पाण्याची बाटली. स्वयंपाकाची सूत्रं हातात असलेल्या म्हाताऱ्या मार्थाबाई स्वतः ते घेऊन यायच्या. "घ्या बाई, तुमच्यासाठी निराळं मागवलंय."

दैवशाला खुर्चीवर बसून खायची. समोर सतरंजीवर बायका मांडीला मांडी लावून बसलेल्या असायच्या, एकमेकींच्या ताटात हाडं टाकायच्या, मीठ कमी पडलं म्हणून मार्थाबाईंना टोमणे मारायच्या. तिने मनाशी ठरवून टाकलं, की ही यांची रीत असेल. बाप्तिस्मा नाही तोवर पेला नाही, तसंच पंगतही नाही. एकदा तो झाला की होईल. दिवाळीनंतर सासूने फळीवर ताट ठेवलं, तेव्हा हाच विचार तिने धरून ठेवला. एका घरातलं ताट गेलं तरी दुसरीकडे वाढून ठेवलेलं आहे, नुसतं ईस्टरच्या बाप्तिस्म्यापर्यंत थांबायचं.

ईस्टरला तिचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. नाव तेच ठेवलं. नावात काही वाईट नाही म्हणाले. मग ती पहिल्यांदा वेदीपाशी गुडघे टेकून बसली, एका बाजूला मार्थाबाई, दुसऱ्या बाजूला पुष्पाबाई. चांदीचा एकच पेला रांगेतून पुढे यायचा. पाळकसाहेब पांढऱ्या फडक्याने कड पुसायचे आणि पुढच्या ओठांशी धरायचे. दैवशालाला लहानपणापासून पाणी वरून प्यायची सवय, तांब्याला ओठ लागला तर आई पाठीत धपाटा घालायची. मार्थाबाई प्यायल्या. पेला तिच्याकडे आला. तिने ओठ लावले. द्राक्षाचा रस जरा आंबट होता. मग तिच्या ओठांचा पेला पुष्पाबाईकडे गेला. झालं, एवढंच.

अंगणात आल्यावर तिने चपला काढल्या आणि सतरंजीकडे वळली. तेवढ्यात मार्थाबाई आल्या. या खेपेला पार्सल मोठं होतं, वर श्रीखंडाचा डबा आणि लाल रिबीन. "आज तुमचा दिवस आहे बाई. चांगल्या हाटेलातून मागवलंय." खुर्चीही मांडलेली होती. सगळ्याजणी कौतुकाने बघत होत्या.

दैवशाला खुर्चीवर बसली. पार्सल मांडीवर ठेवलं. रिबीन सोडायला हात होईना. घरी फळी, इथे खुर्ची. आता कशाची वाट बघायची, हेच तिला कळेना.

मग ती उठली. पार्सल पिशवीत घातलं आणि प्रार्थनाघराच्या मागे गेली. तिथे तीन दगडांच्या चुलीवर मटणाचं दुसरं पातेलं रटरटत होतं आणि दुसऱ्या पंगतीच्या भाकरी चालल्या होत्या. "सरका जरा," म्हणून ती काटवटीपुढे बसली, पीठ ओढलं आणि भाकरी थापायला लागली.

मागोमाग आलेल्या मार्थाबाईंनी थोडा वेळ बघितलं. मग चुलीपाशी असलेल्या पुष्पाबाईला म्हणाल्या, "बरं झालं. स्वतःच्या हातची तरी खाईल बाई."

दैवशालाचा हात थांबला. "म्हणजे?"

पुष्पाबाई म्हणाली, "म्हणजे काय, तुमचं ठाऊक आहे आम्हाला. आमचं काही म्हणणं न्हाई."

"माझं काय ठाऊक आहे?"

"कापणीच्या सणाला भूक न्हाई म्हणाल्या ना. आन् पाणी तुमच्या बाटलीतलं पिल्या. आम्हाला काय ते नवीन आहे का?"

दैवशालाला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा तिने पिठाचे हात मांडीवर ठेवले. "पुष्पाबाई, त्या दिवशी संकष्टी होती. मला उपास होता. इथं उभं राहून गणपतीचा उपास आहे म्हणून कसं सांगणार? म्हणून भूक न्हाई म्हणाले."

"संकष्टी," मार्थाबाई म्हणाल्या. चुलीत लाकूड सारलं. "म्हणजे ही बाई संकष्टीला बसल्ती, आन् आम्ही तेव्हापासून हिला हाटेलातलं खाऊ घालून राह्यलो."

एक जण पदरात तोंड घालून हसायला लागली. पुष्पाबाई हसली नाही. "मंग तुम्ही विचारायचं ना, मला निराळं का देता म्हणून. रोज समोर बसता माझ्या."

"मला वाटलं तुमच्यातली रीत असंल. बाप्तिस्मा होईस्तोवर. तुम्ही तरी कुठं विचारलं?"

"असं कोणी विचारतं का?" पुष्पाबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं. असं कोणी विचारत नाही.

मार्थाबाई मात्र इतक्यात सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ चव बघायला घेतलेलं त्यांचं ताट होतं, अर्धी मोडलेली भाकरी, रस्सा, कडेला एक चोखलेलं हाड. ते त्यांनी दैवशालापुढे सरकवलं. "आज तर संकष्टी न्हाई ना?"

मटण दैवशालाला वर्ज्य नव्हतं, घरी आखाडात व्हायचंच. तिने पिठाचा हात पदराला पुसला, मार्थाबाईंच्याच भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि त्यातली मटणाची एक फोड घेऊन खाल्ली. सगळ्याजणी बघत होत्या. तिने नीट चावून गिळलं.

"मटण कच्चं आहे अजून," ती म्हणाली.

"शिजंल," मार्थाबाई म्हणाल्या. "तू आधी तव्यावरची भाकर उलट. करपून राह्यली."

दैवशालाने भाकरी उलटली. मार्थाबाईंनी आजवर तिला तू म्हटलं नव्हतं. दुसऱ्या पंगतीला ती सतरंजीवर बसली, पुष्पाबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि तिची भाकरी जाड झाली म्हणून तिला दोघींनी ऐकवलं. जेवणं झाल्यावर पातेलं घासायला तिच्याकडे आलं. तळाला लागलेलं होतं, राखेने घासूनही निघेना.

ती घरी पोचली तेव्हा गिरिजाबाई ओट्यापाशी होत्या. तिने पार्सल पिशवीतून काढून उंबऱ्यावर ठेवलं.

"कुठलं?"

"हाटेलातलं. बांधलेलं आहे, कोणी हात लावला न्हाई."

गिरिजाबाईंनी रिबीन बघितली, सोडून घडी करून बाजूला ठेवली. सोमेश्वरसाठी पुऱ्या काढल्या आणि श्रीखंडाचा डबा उघडून चमच्याने खायला लागल्या. गोडाची त्यांना आवड होती.

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला देतात का?"

"देत होते. आता न्हाई देणार."

"का? काढलं का तुला?"

"न्हाई. आता त्यांच्यातच जेवायचं. आज पातेलंबी मीच घासलं."

गिरिजाबाईंनी चमचा चाटून पुसला. डब्याला झाकण लावलं. मग त्यांनी फळीवरचं ताट घेऊन त्यात भात वाढला, वरण घातलं आणि ते नेहमीच्या जागी, मोरीच्या अलीकडे, खाली ठेवलं. "घे. जेव."

"भूक न्हाई, आत्याबाई," दैवशाला म्हणाली. "जेवून आले."