कोपरापाशी अडलेला करंट

आमच्या नसांच्या क्लिनिकमध्ये पेशंटच्या फाइलीपेक्षा किस्सेच जाड होतात. हे सगळे एकाच हाताचे.

वसंतकाका घड्याळं दुरुस्त करतात. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली, सरळ होईनात. चिमटीत स्क्रू टिकेना. दुकान बंद पडायची वेळ! आमचे सर त्यांचे शाळासोबती. एमआरआय बघून म्हणाले, "मानेचा मणका. ऑपरेशन!"

मी साधी फिजिओथेरपिस्ट, तरी बोललेच. "सर, या वयात कोणाचीही मान अशीच दिसते. माझ्या बाबांचीसुद्धा!"

"मग त्यांनाही घेऊन ये."

*

व्यायाम शिकवताना काकांच्या करंगळीवर टरारलेला फोड दिसला.

"काका, भाजलं कधी?"

काकांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. "कोणाला भाजलं?"

सरांना सांगितलं. "वय झालं की लक्ष राहत नाही गं." आणि ऑपरेशनची तारीख दिली. पुढचा गुरुवार!

*

मी हट्टाने नसांची टेस्ट करायला लावली. करंट मानेपासून नीट येत होता आणि कोपरापाशी रेंगाळत होता. कोपरामागे चाचपलं, तर नस सुतळीसारखी जाड!

"सर, कुष्ठरोग असेल का?"

सरांनी आधी केबिनचं दार लावलं. "काहीतरीच काय! अगं, तो पेठेत राहतो!"

"सर, जंतू पत्ता विचारून येत नाहीत."

*

काकांना म्हटलं, शर्ट काढा.

"अगं, दुखणं हाताचं. शर्ट कशाला?"

तीन महिने, चार डॉक्टर, आणि एकानेही शर्ट काढायला सांगितला नव्हता! पाठीवर तळहाताएवढा फिकट चट्टा. पिन टोचली. "टोचतंय?"

"तू सुरू कर, मग सांगतो."

पिन रुतलेलीच होती.

त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून शिक्कामोर्तब केलं. मानेचं ऑपरेशन रद्द. वर्षभर गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट. नसेची सूज उतरवायला वेगळं औषध, आणि बोटांचे व्यायाम माझ्याकडे.

सर स्टाफसमोर म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होतीच."

*

घरातल्यांचीही तपासणी करायची असते, म्हणून काकू आल्या. त्यांना काही निघालं नाही. मीच धीर द्यायला गेले. "बोटं किती सुटतील ते आत्ता सांगता येत नाही, फार उशीर झालाय. पण काकांना तरी पाठीवरचं कसं दिसणार?"

"मला दिसत होतं ना. आंघोळीआधी तेल मीच लावते. पाच वर्षं झाली."

"काकू! मग बोलला का नाहीत?"

"मुलीचं लग्न व्हायचं होतं."

"मग? कधी झालं?"

काकूंनी पर्समधून मुलीचा बायोडेटा काढून माझ्या हातात दिला.

"बघणं चालू आहे. तुझ्या ओळखीत कोणी असेल तर सांग. निर्व्यसनी हवा."