अक्षरांचा काळा

शाळेत शिकवून घरी येताना मी रोज राजारामपुरीतल्या त्या पत्र्याच्या शेडपाशी थांबायचो. आत पेंटर सिनेमाची बॅनरं रंगवत असायचा. चेहऱ्यावरच्या सावलीसाठी तो तांबड्यात थेंबभर हिरवा मिसळायचा, अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि बाहेर उन्हात नेऊन बघायचा. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "मास्तर, काळा घातला की माणूस मेला! काळा फकस्त अक्षरांना!"

त्या वर्षी मात्र तो नख पार डोळ्याला टेकवू लागला. एकाच सावलीसाठी चार चार वेळा उन्हात जायचा. डॉक्टरला दाखव म्हटलं की खेकसायचा, "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?"

एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो शिडीवर होता. समोर नायिकेचा भलामोठा चेहरा अर्धा झालेला. मिसळलेला रंग त्यानं नखावर घेतला, बराच वेळ बघितला आणि धोतराला पुसून टाकला. मग अक्षरांसाठीच्या काळ्या रंगाचा डबा जवळ ओढला आणि तिच्या गालाखाली कुंचला फिरवला. गाल राखेसारखा दिसू लागला.

माझी चाहूल लागताच तो वळला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"मास्तर, बाई जिती वाटतीय न्हवं?"