सिनेमातला खुनी आणि आमची मेस

लातूरला क्लासेसच्या भागात आमची मेस होती. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं गावोगावहून येऊन खोल्या करून राहायची आणि दोन वेळ आमच्याकडे जेवायची. स्वयंपाक माझा, वाढणं यांचं. यांचा आवाज मुळातच मऊ. कुणावर ओरडलेलं मी कधी ऐकलं नाही. नवं पोरगं घरच्या आठवणीनं घास चिवडत बसलं की त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "अजून अर्धी घे की बाळा. लाजू नको." त्या बोलण्यावर कितीतरी पोरं तिथं टिकली.

लग्नाआधी हे नांदेडला नाटकात कामं करायचे. तेव्हाचा एक मित्र पुढं सिनेमे काढायला लागला. तो एकदा जेवायला आला, यांना वाढताना बघत राहिला आणि हात धुता धुता म्हणाला, "चल, माझा खुनी सापडला."

सिनेमाची गोष्ट अशी की एक निवृत्त चित्रकला शिक्षक एकट्यादुकट्या माणसांना घरी बोलावतो, मायेनं जेवू घालतो आणि मारून टाकतो. आणि हे सगळं बघून लोकांनी हसायचं. शूटिंग कंधारला झालं. पोरं दिवाळीला गावी गेली होती तेवढ्यात हे काम करून आले. आले ते एकदम तरुण होऊन. मला म्हणाले, "तो सांगायचा, वेगळं काही करू नको, घरी बोलतोस तसं बोल."

सिनेमा नांदेडला लागला तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. लोक खदखदून हसत होते, मीही हसले. मग पडद्यावर यांनी एका म्हाताऱ्या बाईच्या ताटात पोळी वाढली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अजून अर्धी घ्या की. लाजू नका." सगळं थिएटर टाळ्या पिटायला लागलं. माझे हात मांडीवरच राहिले.

परतताना बसमध्ये यांनी विचारलं, "लोकं लई हसले, न्हाई का?"

"हाव," म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?

नेमका तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरायला लागला. आधी मजाच होती. पोरं फोटो काढून घ्यायची. "काका, आज वरणात काय घातलंय?" असं विचारायची आणि हेही हसायचे. मग बिलोलीच्या एका पोराचं पोट बिघडलं. त्यानं रस्त्यावर काहीतरी खाल्लं होतं, तसं तो स्वतःच सांगत होता. तरी त्याची आई धावत आली.

"ताई, बसा. आधी पाणी घ्या," यांनी ग्लास पुढं केला.

बाई मागं सरकली. "नको मला तुमचं पाणी."

"अहो ताई, ते खोटं असतं सगळं..."

"बघा, तसंच बोलून राहिलेत!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कळतंय हो, सिनेमा हाय. पण माझं पोरगं हितं जेवतं म्हणलं की डोळा लागत न्हाई माझा. मी काय करू?"

यांनी समजूत घालून पाहिली. जितकं हळू बोलावं तितकी ती जास्त घाबरत होती. पोरगं सामान घेऊन तिच्यासोबत गेलं. मग इतर आईबापांचे फोन सुरू झाले.

मी कावले होते. म्हटलं, "जरा आवाज चढवा की. चिडा कुणावर तरी. लोकांना दिसू तरी द्या, तुम्ही त्यो न्हाई म्हणून." यांनी तेही केलं. एका पोरानं ताटात भाजी तशीच टाकून दिली, तर टेबलावर हात आपटून ओरडले, "अन्न टाकतोस? लाज वाटत न्हाई?" आवाज मधेच चिरकला. असा हशा पिकला की विचारू नका. एकानं मोबाइलही वर धरला. हे आत येऊन पिठाच्या डब्याला टेकून खाली बसले. "मला न्हाई जमत गं," एवढंच म्हणाले.

पुढं पुढं भाताचं पातेलं तसंच उरायचं, गायींना घालायचं. अशातच मित्राचा फोन आला. दुसरा भाग काढतोय म्हणे, खुनी तुरुंगातून सुटून येतो. हे म्हणाले, "नको रे, माफ कर." तिकडून तो उसळून म्हणाला, "हाच! हाच आवाज पाहिजे मला!"

मेस बंद केली. भांडी विकली आणि नांदेडला एक खोली घेऊन मी डबे सुरू केले. यांनी दाढी वाढवली. चेहरा झाकला गेला, आवाज कशानं झाकणार? म्हणून दाराशी मीच जाते. हे आत कणीक मळतात, भाज्या निवडतात.

एकदा डबा न्यायला आलेली पोरगी थेट आतच आली. हे गवार मोडत होते. "काका, बरे आहात का?" तिनं विचारलं. हे तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांना बोलता येत नाही, बाळ."

ती ओशाळली, हात जोडून गेली. मला यांच्याकडं बघवेना.

"बरं केलंस," हे म्हणाले आणि पुढची शेंग मोडली.

आता ती आली की हातवारे करून यांची विचारपूस करते. हेही हातानंच उत्तर देतात.